ठोक्यांच्या खुणा ठेवायच्या की पुसायच्या? (लोहारकाम आणि नवं डिझाइन)

रेघोट्या

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय.

मी पुण्यात प्रॉडक्ट डिझाइनचं काम करते. ऐकायला भारी वाटतं, पण दिवसभर मिक्सरची झाकणं आणि पंख्यांची बटणं काढत असते. गेल्या वर्षी आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि खाली बसणं कायमचं बंद झालं. आईचा पहिला प्रश्न, "मग मी मेथी कशावर चिरू?" पंचावन्न वर्षं विळीवर गेलेली बाई. सुरी हातात दिली की डाव्या हाताने सही केल्यासारखं चिरते.

म्हणून उभ्या ओट्यावर बसेल अशी विळी काढली. पाटाखाली ओट्याची कड पकडणारी लोखंडी कडी आणि खालून दोन नट-बोल्ट. पातं आपलं नेहमीचंच. ड्रॉइंग घेऊन आमच्या गावी (वाई तालुका) गेले. तिथे अजून एक भट्टी चालू आहे. भाता जाऊन ब्लोअर आलाय, पण ऐरण तीच, मी लहानपणी बघितलेली. लोहारमामांनी ड्रॉइंग नीट बघितलं, दोन प्रश्न विचारले, "करू" म्हणाले.

मग मी म्हटलं, मामा, पात्यावर हातोड्याचे ठोके तसेच दिसू द्या, घासून गुळगुळीत नका करू. हाताने घडवलंय ते कळू दे. तर मामा माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "ताई, ठोका दिसला म्हंजी काम ऱ्हायलंय. लोक म्हंतील ह्याला हात न्हाई."

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. मला जे 'पारंपरिक' वाटत होतं ते परंपरेतल्या माणसाला अर्धवट वाटतंय! तुमच्यापैकी कुणी लोहाराकडून नव्या घाटाचं काही करून घेतलंय का? डिझाइन करणाऱ्याने कुठे थांबायचं?

भाजणी

वाचतेय. आईंचे गुडघे कसे आहेत आता?

खोडसाळ

विळी ठीक आहे, कोयता करून घेऊ नका. मी नारळासाठी कोयता घ्यायला गेलो तर दुकानदाराने आधार कार्ड मागितलं. नारळाचंही मागेल की काय असं वाटलं.

चौकट

मी आर्किटेक्ट आहे आणि या ठोक्यांच्या प्रकरणाने आमच्या धंद्यात उच्छाद मांडलाय. गिऱ्हाईक म्हणतं 'रॉट आयर्नचं गेट हवं'. एक तर खरं रॉट आयर्न (जुन्या पद्धतीचं घडीव लोखंड) आता व्यापारी प्रमाणावर कुणी बनवतच नाही. जगातली ती शेवटची भट्टी १९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये बंद पडली. आज त्या नावाने मिळतं ते साधं एमएस, म्हणजे माइल्ड स्टील. फॅब्रिकेटर बाजारातून ओतीव भाले आणि वेलबुट्ट्या किलोवर आणतो, वेल्डिंगने चिकटवतो, काळा रंग मारतो. वर 'हँडमेड लुक' म्हणून प्रेसमध्ये ठोके उमटवलेल्या पट्ट्या मिळतात. सगळे ठोके एकाच अंतरावर! रोबोला गोवर झाल्यासारखे.

जुन्या वाड्यांची कडी-कोयंडा, बिजागऱ्या, साखळ्या हातात घेऊन बघा. कडीची दांडी गोल, गुळगुळीत. नक्षी असेल तर टोकाला, जिथे लोहाराने मुद्दाम पीळ दिलाय किंवा फूल काढलंय. चुकून राहिलेला ठोका क्वचितच सापडेल. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावरचे ७२ खिळे हत्तीला अडवायला ठोकलेत, पण रांगा बघा किती शिस्तीत आहेत. तेव्हा मामांना माझं +१.

बटाटेवडा

पण जपानी सुऱ्यांवर असतात की ठोके! हजारो रुपयांना विकतात. 'त्सुचिमे' म्हणतात त्याला. काकडीची चकती चिकटत नाही म्हणे.

धातूपाठ

@बटाटेवडा, ते ठोके 'राहिलेले' नसतात, मुद्दाम दिलेले असतात. घडाई झाल्यावर, ठरवून, आणि धारेपासून लांब. धारेपाशी पातं सपाट आणि स्वच्छच असतं. मामांचं म्हणणं धातुशास्त्रानेही बरोबर आहे. खोल ठोका, त्यात दबलेली काळी खपली, ही तडा सुरू व्हायची जागा. पाणी देताना, म्हणजे तापलेलं पातं बुडवून एकदम थंड करताना, ते तिथूनच उकलतं.

माझी नोकरी हीट ट्रीटमेंटची, म्हणून थोडं लांबण लावतो. लोहार विळी-कोयत्याला ट्रकचा जुना कमानपाटा (स्प्रिंगची पट्टी) का घेतात? त्यात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो. बाजारातल्या साध्या एमएस पट्टीत ०.२ च्या आसपास. ती पट्टी लालबुंद करून कितीही वेळा पाण्यात बुडवा, धार धरणार नाही.

आता गंमत बघा. मी कारखान्यात ८५० अंशांची भट्टी, तेलाचा हौद आणि नंतर दुसऱ्या भट्टीत टेम्परिंग (ठिसूळपणा घालवायला पुन्हा हलकं तापवणं), असा सगळा थाट मांडतो. लोहार पातं तापवतो आणि फक्त धारेची कड बुडवतो. बाहेर काढून विटेच्या तुकड्याने धार घासून चकचकीत करतो आणि थांबतो. पाठीत उरलेली धग हळूहळू धारेकडे सरकते, तसे चकचकीत भागावर रंग पळत येतात. आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. फिकट पिवळा म्हणजे सुमारे २२० ते २३० अंश, निळा म्हणजे ३०० च्या आसपास. विळीला पिवळ्यावर पकडायचं, घाव सोसणाऱ्या कुऱ्हाडीला आणखी पुढे जाऊ द्यायचं. हवा तो रंग धारेवर आला की सगळं पातं पाण्यात. धार कडक, पाठ चिवट, एकाच तापात. मी हे पहिल्यांदा एका घिसाड्याच्या, म्हणजे फिरत्या लोहाराच्या, पालापाशी बघितलं तेव्हा डिप्लोमाची तीन वर्षं आठवून लाज वाटली होती.

एक सूचना मात्र आहे. जुन्या पाट्यात आधीच बारीक चिरा असू शकतात. डोळ्यांना दिसत नाहीत. नव्या घाटाची वस्तू असेल तर नवी पट्टी विकत आणून द्या.

कुडाळकरीण

आमच्याकडे विळीला आडाळो म्हणतात आणि तो नसेल तर मासे चिरायचे कसे हा प्रश्न मला आजही पडतो. सुरीने एक हात अडकतो. आडाळ्यावर दोन्ही हात मोकळे, बांगडा दोन्हीकडून धरून पात्यावर ढकलायचा. सुरमईचे काप पण एकसारखे पडतात.

रेघोट्या, तुझी विळी उभ्याने वापरायची म्हणतेस, पण बसल्यावर पाटावर पाय असतो, अंगाचा भार त्यावर येतो. ओट्यावर तो भार कुठून आणशील? भोपळा कापताना सगळं पुढे सरकेल. आणि टोकाला खोवणी ठेव बाई, नाहीतर अर्धी विळीच झाली ती.

रेघोट्या

@कुडाळकरीण, हाच मामांचा पहिला प्रश्न होता! विळीवर आपण भाजी पुढे ढकलतो, म्हणून कडीचा उभा भाग ओट्याच्या पुढच्या कडेला टेकतो आणि तो जोर तिथेच अडतो. पुढे सरकत नाही. बाजूला हलण्याचं बघायचंय. खोवणी आहे.

@भाजणी, गुडघे छान, आता जिना चढते. फक्त माझ्यावर चिडते.

@धातूपाठ, फार उपयोगी. नवी पट्टी शोधते.

स्वस्तमस्त

एवढा खटाटोप कशाला? स्टीलची विळी ऑनलाइन मिळते, गंजत नाही, कैरी काळी पडत नाही. विषय संपला.

कुडाळकरीण

@स्वस्तमस्त, आणि दोन महिन्यांत धार संपली की काय करता? परत ऑनलाइन? माझ्या सासूबाईंच्या आडाळ्याचं पातं शेवटून शेवटून (तापवून, ठोकून परत धार काढून) अर्धं झालंय, तरी कोलंबी सोलण्याआधी बोटं मोजून घ्यावी लागतात. कैरी काळी पडते हे खरं. लिंबू, कोकम, कैरीला मी पण सुरीच घेते. आमच्या खाऱ्या हवेत लोखंड पुसून, खोबरेल लावून ठेवावं लागतं हेही खरं.

पांचाळांचा नातू

दोन दिवस वाचतोय, लिहू की नको करत होतो.

माझे आजोबा लोहार. गावचं बलुतं होतं. वर्षभर फाळ, पास, विळे, खुरपी शेवटायची आणि सुगीत खळ्यावर जाऊन धान्य आणायचं. ते धान्य किती मिळणार हे आजोबांच्या कामावर नाही, देणाऱ्याच्या मर्जीवर. आजी भाता ओढायची, मोठं काम असलं की घणही मारायची. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली होता. आम्हा पोरांना वाटायचं म्हाताऱ्या बायकांचे असेच असतात. गावात ट्रॅक्टर आला, वेल्डिंगचं दुकान झालं आणि वडील चिंचवडला टर्नर म्हणून लागले. घरात कुणालाही भट्टी बंद झाल्याचं दुःख झालं नाही. आईने तर नारळ फोडला.

आता मी बघतो की एमबीए झालेली मुलं गॅसची भट्टी आणि बेल्ट ग्राइंडर घेऊन फार्महाउसवर सुऱ्या घडवतात, इन्स्टावर टाकतात. 'डमास्कस' म्हणून दोन जातींच्या पोलादाचे थर ठोकून, आम्लात बुडवून नागमोडी रेषा काढतात. काम चांगलं असतं, खोटं कशाला बोलू. मेहनतही असते. पण ते 'आर्टिझन' आणि माझे आजोबा 'लोहार'. हातोडा तोच, तापही तोच.

म्हणून डिझाइनने कुठे थांबायचं या प्रश्नाआधी माझा प्रश्न असा की पैशाचं काय ठरलंय? मामांनी किती सांगितले आणि तुम्ही ही विळी विकलीत तर कितीला विकाल?

ठोक्यांचं म्हणाल तर आजोबा विळा झाला की अंगठा पाठीवरून फिरवायचे. अंगठा अडला की परत भट्टीत. मामा काय म्हणाले ते मला बरोबर कळलं.

चौकट

@पांचाळांचा नातू, प्रतिसाद फार आवडला. पैशाचा मुद्दा मी सोयीस्कर विसरलो होतो.

गुपचूप

आयडी घेऊन सहा वर्षं झाली, पहिल्यांदा लिहितेय. आजीच्या खांद्याचं वाचून. आमच्या गावाबाहेर दर वर्षी घिसाडी उतरायचे. नवरा सांडसात लोखंड धरायचा आणि बायको घण मारायची, पदर खोचून. आम्ही शाळेतून येताना थांबायचो. ठोका कुठे हवा ते तो छोट्या हातोडीने टिचकी मारून दाखवायचा आणि तिचा घण बरोबर त्याच जागी. एकही शब्द नाही. डिझाइनच्या चर्चेत ती बाई कुठेच येत नाही.

रेघोट्या

@पांचाळांचा नातू, विचारलंत ते बरं केलंत. मामांनी मजुरी ४०० सांगितली. मी १५०० दिले, तर ते आधी घेईनात. पुण्यात एका नावाजलेल्या दुकानात साधारण अशीच 'हॅमर्ड' विळी ४८०० ला बघितली, पातं एमएसचं. विकायचा विचार अजून केलेला नाही, पण केला तर मजुरीवर नाही, नगामागे वाटा ठरवून. आकडा तुम्हीच सुचवा.

@गुपचूप, लिहीत राहा. मामांकडे मामीच ब्लोअर आणि घण दोन्ही सांभाळतात आणि मी पहिल्या पोस्टमध्ये त्यांचा उल्लेखही केला नाही. चूक माझी.

रानवाट

थोडं अवांतर. छत्तीसगडला कोंडागावला गेलो होतो. बस्तरचं लोहशिल्प तिथलं, त्याला भौगोलिक मानांकनही आहे. लोखंड तापवून, ठोकून, चिरून हरणं, दिवे, माणसं काढतात. वेल्डिंग न करता एकाच पट्टीतून निघालेली शिंगं बघून थक्क झालो. मूळ वस्तू देवाला वाहायच्या, लग्नातले दिवे. आता शहरातून मागणी येते ती मोबाइल स्टँडची आणि मेणबत्तीच्या स्टँडची. दिवसाला किती होतील एवढंच विचारतात. एका कारागिराच्या घरात देव्हाऱ्यात जुना दिवा होता, त्याची एकेक पाकळी वेगळी. अंगणात वाळत ठेवलेली साठ हरणं मात्र एका साच्यातली वाटावीत अशी. बाहेरच्या डिझाइनमुळे चूल पेटते हे खरं, पण हाताला नवीन काही सापडत नाही.

खोडसाळ

साठ हरणं आणि एकही शिकारी नाही, नशीबवान आहेत.

झोलिंगेनवासी

मी जर्मनीत झोलिंगेनजवळ राहतो, सुऱ्या-कात्र्यांसाठी प्रसिद्ध असलेलं गाव. इथे १९३८ पासून कायदा आहे, झोलिंगेन हे नाव पात्यावर कोरायचं तर माल त्या भागातच तयार झालेला हवा. जुन्या घडाईच्या कार्यशाळा जाऊन यंत्रं आली, हॅंडलचे घाट बदलत राहतात, तरी नाव टिकलंय. गावाचं नाव पात्यावर असलं की लोहाराला वस्तू स्वतःची वाटते. मामांची खूण पात्यावर आहे का?

रेघोट्या

नव्हती. विचारलं पाहिजे.

कागदपत्रे

लोहार मंडळींना कळवा: १७ सप्टेंबर २०२३ पासून पीएम विश्वकर्मा योजना चालू आहे. १८ व्यवसायांत लोहार आहेत. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार, आणि दोन टप्प्यांत मिळून तीन लाखांपर्यंत पाच टक्के व्याजाने कर्ज.

आणि विकणाऱ्यांसाठी: नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्र कायद्यात येतं, पण घरगुती आणि शेतीच्या कामाचं असेल तर सूट आहे. विळी-कोयते त्यामुळेच परवान्याशिवाय मिळतात. शोभेची तलवार काढाल तर वेगळं प्रकरण.

पांचाळांचा नातू

योजना चांगली आहे, एका चुलतभावाने अर्ज केलाय. अवजारांपेक्षा त्याला गिऱ्हाईक हवंय एवढंच सांगतो.

@रेघोट्या, आकडा मी कशाला सुचवू, मामांना विचारा. ते सांगतील त्याच्या दुप्पट धरा, कारण ते कमीच सांगणार.

बटाटेवडा

हा धागा वाचून माळ्यावरची विळी काढली. गंजलेली. जवसाचं तेल चालेल का?

धातूपाठ

आधी चिंचेने घासा, धुऊन लगेच कोरडी करा, मग पातळ हात. तेल जास्त झालं की चिकट होतं. पात्याला लावायचंय, डोक्याला नाही.

रेघोट्या

मंडळी, तीन आठवड्यांनी वर काढतेय. विळी आली!

काय काय बदललं ते सांगते. नट-बोल्ट गेले. मामा म्हणाले, रोजच्या दणक्याने नट ढिला पडतो, पाचर मात्र दणक्याने घट्ट होते. आता कडीच्या खालच्या बाजूने बाभळीची पाचर ठोकायची. माझ्या ड्रॉइंगमधले चार तुकडे कमी झाले. मला सुचायला हवं होतं, पण माझ्या डोक्यात दुकानात मिळणारेच जोड असतात.

पातं नवीन पट्टीचं. मामींनी घण मारला, मी व्हिडिओ काढला, मामींनी तो पुसायला लावला, केस विस्कटलेत म्हणून.

ठोक्यांचं असं झालं. मी @धातूपाठ यांचं जपानी सुऱ्यांबद्दलचं मामांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. पातं नेहमीसारखं गुळगुळीत केलं, अंगठा फिरवला. मग पाणी द्यायच्या आधी परत थोडं तापवून, पाठीच्या कडेला, फक्त वरच्या बाजूला, छोट्या हातोडीच्या गोल तोंडाने एक ओळ ठोकली. एकवीस ठोके, जोंधळ्याच्या दाण्याएवढे, मुठीपाशी मोठे आणि खोवणीकडे बारीक होत गेलेले. म्हणाले, "हे ऱ्हायलेलं न्हाई, केलेलं हाय." आणि @झोलिंगेनवासी, ओळीच्या शेवटी त्यांनी छन्नीने छोटा त्रिशूळ उमटवलाय. त्यांच्या वडिलांची खूण म्हणे, कुऱ्हाडींवर असायची.

पाणी देताना मी रंग बघायला वाकले तर मामींनी मागे ओढलं. पिवळा आलेला मात्र दिसला.

आईने पहिल्याच दिवशी मेथीच्या दोन जुड्या चिरल्या आणि म्हणाली, पाट एक बोटभर उंच झालाय. आता पाट तासायला सुताराकडे.

नगामागचा आकडा मामांनी सांगितला, @पांचाळांचा नातू यांच्या सल्ल्याने दुप्पट केला. त्यावर मामी म्हणाल्या, आणि घणाचे? ते वेगळे धरलेत.

कुडाळकरीण

फोटो!!! आणि एक माझ्यासाठी. आमच्या ओट्याखाली ट्रॉलीचा ड्रॉवर आहे, पाचर त्याला अडेल का?

गुपचूप

मलाही एक. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

पांचाळांचा नातू

फोटोत त्रिशूळ नीट दिसेल असा टाका. चुलतभावाला दाखवायचाय.

रेघोट्या

फोटो रात्री टाकते. @कुडाळकरीण, ड्रॉवर आणि ग्रॅनाइटच्या खालच्या कडेत किमान तीन बोटं जागा हवी. नसेल तर मामा पाचर आडवी बसवून देतील. ज्यांना हवी आहे त्यांनी ओट्याच्या कडेची जाडी मोजून कळवा, पट्टीने, अंदाजे नको. मामा सध्या कांदा काढणीच्या खुरप्यांत आहेत, दिवाळीआधी मिळणार नाही.

खोडसाळ

आधार कार्ड जोडायचं का?